बोल्ट अडतो तेव्हा

मोटारीच्या कामात सर्वांत जास्त वेळ बहुतेकदा सर्वांत स्वस्त वस्तू खाते. सायलेन्सरच्या जोडावरचा 8 मिलिमीटरचा एक साधा बोल्ट घ्या. तो सुटला तर मधलं गॅस्केट बदलायला फार वेळ लागत नाही. नाही सुटला तर पाना घसरतो, बोटांची सालं निघतात, बोल्टचं डोकं गोल होतं आणि शेवटी तो तुटला की वेल्डिंगवाल्याला किंवा लेथवाल्याला शोधत फिरावं लागतं.

अशा वेळी हाताला सुचणारा पहिला उपाय म्हणजे लांब पाना आणि अंगातली सगळी ताकद. काम बिघडतं ते बहुधा इथेच. बोल्ट अडलेला असतो आट्यांमध्ये, आणि आपण झटत असतो त्याच्या डोक्याशी. डोकं ही नुसती मूठ. पाना एकदा घसरला की तिचे कोपरे थोडे मारले जातात आणि पुढच्या वेळी धरायला तेवढं कमी उरतं. चार-पाच वेळा असं झालं की मूठच संपते; आटे मात्र होते तसेच जाम असतात. म्हणून या कामात उपायांचा क्रम महत्त्वाचा. डोक्याला धक्का न लावणारे सगळे उपाय आधी करायचे, डोकं झिजवणारे नंतर आणि डोकं उडवणारे अगदी शेवटी.

धरतो कसा, अडतो कसा

बोल्ट आवळताना तो आत आत जातोय असं वाटतं. प्रत्यक्षात डोकं टेकलं की पुढची प्रत्येक ओढ बोल्टला ताणत असते. पोलादाचा दांडा किंचित लांबतो आणि परत आखडू पाहतो. त्या आखडण्यामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. पण पान्याने दिलेल्या पिळातला फार थोडा भाग या ताणाच्या वाट्याला येतो. ढोबळ हिशोब असा: 50 टक्के पीळ डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेल्या 10 टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. सोडवतानाही याच दोन जागांशी गाठ असते, एक डोक्याखालची आणि दुसरी आट्यांतली. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

आता अडण्याची कारणं. पहिलं अर्थात गंज. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत काही शतांश मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. लोखंडाचा गंज मात्र मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट, कधी त्याहून बरीच जास्त जागा व्यापतो. आधी तो फट भरून काढतो आणि मग दोन्ही बाजूंना दाबू लागतो. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. त्यामुळे मालवण, रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीचे खालचे बोल्ट देशावरच्या गाडीपेक्षा खूप आधी धरतात. मिशिगन किंवा ओंटारिओत राहणाऱ्या मराठी माणसाला हेच संकट समुद्र नसताना भोगावं लागतं. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं.

दुसरं कारण म्हणजे दोन धातूंची जोडी. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसला आणि मध्ये ओल शिरली की छोटासा विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी, चिकट भुकटी आट्यांत घट्ट बसते. गिअरबॉक्सचं आवरण, पाण्याच्या पंपाचं अंग, थर्मोस्टॅटची झाकणं इथे हा प्रकार हमखास दिसतो. तिसरं कारण उष्णता. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट रोज तापतात, रोज निवतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर चढतो आणि आटे एकमेकांना धरून बसतात.

चौथं कारण मुद्दाम लावलेला गोंद. अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल या रसायनाच्या प्राध्यापकाने 1953 च्या सुमारास असा द्रव तयार केला की जो हवेत पातळच राहतो, पण धातूच्या फटीत हवा तुटली की घट्ट होतो. तोच पुढे लॉकटाइट म्हणून बाजारात आला. याच्या निळ्या प्रकाराचा बोल्ट नेहमीच्या पान्याने सुटतो. लाल प्रकार साधारण 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय दाद देत नाही. पाचवं कारण माणूस. टायरवाल्याच्या हवेच्या गनने मर्यादेपलीकडे आवळलेला किंवा चाकाच्या पान्यावर उभं राहून, पायाने दाबून बसवलेला नट गंजाशिवायही सुटत नाही.

कारण ओळखायचं एवढ्यासाठी की प्रत्येकाचा उपाय निराळा. गंजाला तेल आणि ठोके. गोंदाला उष्णता, तिथे तेलाचा काही उपयोग नाही. नुसत्या अति आवळलेल्या, पण स्वच्छ आट्यांच्या चाकाच्या नटला नीट बसणारी सॉकेटची गोटी आणि लांब दांडा पुरतो. एकच औषध सगळ्या दुखण्यांवर चालवलं की डोकं जातं.

डोकं गोल का होतं

डोकं गोल होण्यात बोल्टपेक्षा पान्याचा दोष जास्त वेळा असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या दुतोंडी पान्यांच्या जोड्या आठवा: 10-11, 12-13, 14-15. एकाच पान्याच्या एका टोकाला 12 आणि दुसऱ्याला 13. आता 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी मापात 12 चं असतं आणि आंतरराष्ट्रीय मापात 13 चं. म्हणजे मारुती सुझुकी, टोयोटा किंवा होंडा यांच्या गाडीखाली 10, 12, 14, 17 ही मापं भेटतात, तर युरोपीय वळणाच्या गाड्यांत 13, 16, 18. गाडीखाली पडून, हात वर करून, अंदाजाने 13 चं तोंड 12 च्या डोक्यावर बसवलं तर ते बसतं. एक मिलिमीटर खेळ राहतो एवढंच. जोर लावला की सगळा भार कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे वळतात.

पान्याचा आकारही बघायचा. उघड्या तोंडाचा फिक्स पाना डोक्याला दोनच बाजूंनी धरतो आणि जोर आला की त्याचा जबडा किंचित फाकतो. बारा खाचांचा रिंग पाना अडचणीच्या जागी सोयीचा, पण तो कोपऱ्यांच्या जवळ टेकतो. सहा कोनी गोटी पाना, म्हणजे सॉकेट, सपाट बाजूंवर टेकतो. म्हणून संशयास्पद बोल्टवर पहिला हात सहा कोनी गोटीनेच टाकायचा. त्याआधी डोक्यावरचा चिखल, रंग, गंजाची पापुद्री वायर ब्रशने काढायची, म्हणजे गोटी पूर्ण खोल बसेल. ती अर्धीच बसलेली असेल तर बारीक हातोडीने ठोकून बसवायची. दांडा तिरका न होता बोल्टच्या सरळ रेषेत राहील हे बघायचं. एलन बोल्टच्या खड्ड्यात साचलेली माती टोकदार सळीने उकरून काढल्याशिवाय त्यात एलन की घालायची नाही.

चार खाचांच्या स्क्रूची एक वेगळी फसगत आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात हेन्री फिलिप्स यांच्या नावाने रूढ झालेला फिलिप्स स्क्रू आणि जपानी मापाचा स्क्रू दिसायला सारखे, पण खाचेचं वळण थोडं वेगळं. जपानी स्क्रूवर फिलिप्सचा ड्रायव्हर पूर्ण खोल जात नाही. पिळला की वर उचलला जातो आणि खाच मारतो. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, त्यावरून तो ओळखता येतो. होंडाच्या अनेक मोटारींत ब्रेकची डिस्क धरणारे स्क्रू असेच असतात. त्यांना हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरतात. वर ठोका बसला की टोक खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं.

जोर लावण्याआधी

दिशा तपासणं हे ऐकायला बाळबोध वाटेल. पण गाडीखाली उताणं पडून काम करताना बोल्ट उलट्या बाजूने दिसतो आणि भलेभले सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात. डोक्याकडे तोंड करून बघितलं तर नेहमीचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट सुटतो. उलटे आटेही असतात. सायकलचं डावं पेडल आणि काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट ही त्यांची ठळक उदाहरणं.

मग तेल. इथे सगळ्यांच्या तोंडी डब्ल्यूडी-40 असतं. त्याचा जन्म 1953 चा, सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीतला. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज रोखायचा, हा मूळ उद्देश; नावाचा अर्थच पाणी हटवणारं चाळिसावं मिश्रण. जाम बोल्टसाठी मुद्दाम बनवलेली, आट्यांत झिरपणारी पातळ तेलं वेगळी मिळतात आणि या कामाला ती अधिक बरी. कुठलंही वापरलं तरी ते कुठे आणि किती आधी टाकलं याला जास्त महत्त्व आहे. डोक्यावर फवारून उपयोग नाही. डोकं जिथे टेकतं ती कड, नटच्या मागून बाहेर आलेले आटे, दोन पत्र्यांमधली फट इथे तेल पोचलं पाहिजे. शक्य असेल तर वरच्या बाजूने टाकावं, म्हणजे ते खाली उतरेल. बाहेर आलेल्या आट्यांवरचा गंज आधी ब्रशने झाडायचा. नाही तर निघणारा नट ती घाण स्वतःच्या आट्यांत ओढून घेतो आणि अर्ध्यावर पुन्हा अडतो.

अरुंद फटीत तेल आपोआप ओढलं जातं, पण हळूहळू. संध्याकाळी टाकलं, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा टाकलं आणि सकाळी काम काढलं, तर डोक्याचा एकही कोपरा खर्च न करता निम्मं काम झालेलं असतं. घाईच्या माणसाला हे पटत नाही. घाटातल्या पाट्यांवरचं ‘अति घाई, संकटात नेई’ गाडीच्या पोटाखालीही तितकंच लागू आहे.

ठोका, पीळ आणि आवाज

तेल मुरलं की ठोके. बोल्टच्या डोक्यावर सरळ, मध्यभागी, हातोडीचे खणखणीत ठोके बसले की आट्यांतला ठिसूळ गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. ठोका बोल्टच्या रेषेत हवा. बाजूने मारला तर डोकं वाकतं. भोवतीचा भाग ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर हात आवरता ठेवायचा, तो तडकतो.

मालवणच्या वाऱ्यात दहा-बारा वर्षं काढलेली गाडी लिफ्टवर चढली की हा सगळा क्रम डोळ्यांसमोर दिसतो. सायलेन्सरच्या जोडावरचे बोल्ट चॉकलेटी, पापुद्रे सुटलेले, डोक्याचे कोपरे मुळातच खाल्लेले. नवशिका पोरगा दांड्याला पाइप लावायला जातो. मिस्त्री त्याला थांबवतो: “जोर मारू नको रे. आधी जरा आवळ.” पोराला हे उलटं वाटतं. पण आवळायच्या दिशेने दिलेला छोटासा झटका गंजाचा थर मोडतो, आणि मग सोडवायच्या दिशेने दिलेला झटका त्याला आणखी मोडतो. मागे-पुढे, मागे-पुढे, दर वेळी थोडं तेल. मिस्त्री एका हाताने गोटी डोक्यावर दाबून धरतो, दुसऱ्या हाताने दांडा ओढतो, आणि कान देऊन ऐकतो.

तीन प्रकारची उत्तरं मिळतात. एकदम कोरडा ‘टक्क’ झाला आणि पाना हलका पडला नाही, तर चिकटलेला भाग सुटला. आता तो चालेल. ‘कुर्रर्र’ असा लांबलेला आवाज आला तर आटे कोरडे आहेत. अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा तेल टाकायचं. तिसरं उत्तर धोक्याचं: आवाज नाही, पाना मात्र रबर पिळल्यासारखा मऊ फिरतोय. म्हणजे आटे जागेवर आहेत आणि दांडा पिळवटतोय. तिथेच थांबायचं. पुढचा अर्धा इंच ओढला की डोकं हातात येतं.

हे का होतं, याचा हिशोब सोपा आहे. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा असेल तर त्यातला पहिला आठ म्हणजे सुमारे 800 मेगापास्कल ताणाला तो तुटणार, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांवर, 640 ला, कायमचा लांबायला लागणार. असा 8 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटर पिळाने आवळतात. आता 30 सेंटिमीटरच्या पान्यावर 30 किलोचा जोर लावला तरी 90 न्यूटन-मीटर होतात. पाइप जोडून एकूण लांबी 90 सेंटिमीटर केली तर 270. म्हणजे त्या बोल्टच्या कुवतीपलीकडे आपण पाइप न लावताच गेलेले असतो. पाइप चाकाच्या नटसाठी. तिथला बोल्ट 12 मिलिमीटरचा असतो आणि नेमका पीळही साधारण 100 न्यूटन-मीटरच्या घरात. बारीक बोल्टसाठी एकदाच दिलेल्या मोठ्या ओढीपेक्षा छोट्या छोट्या झटक्यांची मालिका बरी. म्हणूनच हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन कमी जोरावर ठेवून वापरली तर हातापेक्षा कमी बोल्ट तोडते.

आग

तेल, ठोके, झटके यांना दाद मिळाली नाही तर उष्णता. तापवायचा असतो बाहेरचा भाग, म्हणजे नट किंवा ज्यात बोल्ट बसलाय ते अंग. पोलाद दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रोमीटर वाढतं. 12 मिलिमीटरचा नट 300 अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे 0.04 मिलिमीटरने मोठं होतं. आकडा किरकोळ दिसतो, पण आट्यांतली मूळ फटही शतांशातच मोजायची असते. शिवाय तापताना आणि निवताना गंजाचा थर तडकतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या अंगात अडलेला पोलादी बोल्ट कमी तापमानालाही सैल पडतो. इथे एक सावधगिरी हवी. पोलाद तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी रंग बदलत नाही. बघता बघता कोपरा खाली ओघळतो. तिथे टॉर्चपेक्षा हॉट एअर गन बरी.

गरम बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकवायची जुनी युक्ती गॅरेजमध्ये अजून चालते. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि आट्यांना वंगण मिळतं.

आगीचे नियम मात्र मोडायचे नाहीत. आधी फवारलेलं तेल पुसून काढायचं, ते पेटतं. ब्रेक साफ करायच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावण असतं. त्यावर आग किंवा वेल्डिंग आलं की फॉस्जीन तयार होतो; पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू तो हाच. पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकचे रबरी पाइप, रबरी बुश, बेअरिंग, एअरबॅग यांच्या आसपास उघडी आग आणायची नाही. आणि लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट पुन्हा बसवायचा नाही. 8.8 दर्जाची ताकद त्याला उष्णतोपचाराने दिलेली असते, ती आगीत निघून जाते.

डोकं गोल झालंच तर

इथून पुढे मूठ दुरुस्त करायची किंवा नवी बसवायची. आधी हलके उपाय. गंजून बारीक झालेल्या 13 च्या डोक्यावर अर्ध्या इंचाची गोटी ठोकून बसते, कारण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. 10 च्या डोक्यावर 3/8 इंचाची, म्हणजे 9.5 ची. जुन्या इंची पान्यांचा संच भंगारात न टाकण्याचं हे एक चांगलं कारण. गोल झालेल्या एलन बोल्टच्या खड्ड्यात त्याहून किंचित मोठं, ताऱ्याच्या आकाराचं टॉर्क्स टोक ठोकून बसवता येतं. जागा असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू घासून 13 चं डोकं 12 चं करता येतं. आतून उलट्या पिळाचे दात असलेल्या खास गोट्याही मिळतात. जितकं फिरवाल तितक्या त्या डोक्यात रुततात. एकदा रुतल्यावर त्यांनीच काम संपवायचं, कारण त्या डोक्याचं जे काही उरलं असेल ते खाऊनच धरतात.

बाहेर आलेल्या डोक्यावर व्हाइस ग्रिप आवळून धरणं, किंवा डोक्याच्या कडेवर छिन्नी तिरकी लावून सोडवायच्या दिशेने ठोकणं हे पुढचे मार्ग. सर्वांत खात्रीचा उपाय वेल्डिंगवाल्याकडे: गोल डोक्यावर नवा, थोडा मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. नवी मूठ मिळते आणि वेल्डची उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते. लाली गेली की हळूच मागे-पुढे करायचं. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायची, नाही तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा धोक्यात येते.

नट असेल आणि मागून पोचता येत असेल तर तो ग्राइंडरने किंवा नट फोडायच्या हत्याराने एका बाजूने चिरायचा, तो सैल पडतो. आणि बोल्ट एखाद्या अंगात बसलेला असेल, तर कधी कधी डोकं उडवणंच शहाणपणाचं ठरतं. वरचा 50 टक्क्यांचा हिशोब इथे कामाला येतो. डोकं गेलं की ताण संपतो आणि डोक्याखालचं घर्षणही. वरचा भाग काढून बाजूला ठेवला की उरलेला खुंटा पुष्कळदा व्हाइस ग्रिपने सहज फिरतो.

खुंटा तुटून आत राहिला तर

आतापर्यंत बोल्ट वाचवायचा होता. आता तो गेला. वाचवायचे आहेत ते ज्यात तो बसलाय ते आटे. तुटलेला पृष्ठभाग कानशीने सपाट करायचा, अगदी मध्यावर सेंटर पंचची खूण करायची आणि बारीक ड्रिलने सुरुवात करायची. उलट्या पिळाचं ड्रिल मिळालं तर उत्तम. ते सोडवायच्या दिशेनेच फिरतं, त्यामुळे भोक पाडता पाडता खुंटा कधी कधी आपणच बाहेर येतो.

पाडलेल्या भोकात उलट्या आट्यांचा ‘ईझी आउट’ घालून खुंटा काढायची पद्धत प्रसिद्ध आहे. तिचं नाव जरा फसवं आहे. ज्या बोल्टला तोडण्याइतका पीळ देऊनही तो सुटला नाही, त्याला त्याच्या निम्म्या जाडीच्या ठिसूळ हत्याराने सोडवायचं असतं. ईझी आउट आत तुटला तर तो इतका कठीण असतो की साधं ड्रिल त्याला लागत नाही. मग तो भाग भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या टूलरूममध्ये स्पार्क इरोजनला, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या यंत्रावर, न्यावा लागतो. म्हणून ईझी आउट आट्यांत जाम नसलेल्या, नुसत्या अति आवळल्याने तुटलेल्या बोल्टसाठी राखून ठेवावा.

जाम खुंट्यासाठी भोक पायरीपायरीने मोठं करत न्यायचं. 8 मिलिमीटरच्या बोल्टच्या, नेहमीच्या 1.25 मिलिमीटर अंतराच्या आट्यांसाठी आटे पाडायचा टॅप मारण्याआधी 6.8 चं भोक लागतं. बरोबर मध्यातून 6.8 पर्यंत पोचलात तर जुन्या बोल्टची उरते ती आट्यांत अडकलेली बारीक गुंडाळी, आणि ती टोकदार सुईने उचकटून काढता येते. भोक मधून सरकलं आणि आटे खराब झालेच, तर हेलिकॉइल बसवतात. भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टेनलेस तारेची गुंडाळी बसवायची. ॲल्युमिनियमच्या अंगात ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत होऊ शकते. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांवर मात्र हे प्रयोग घरी करायचे नाहीत. तो भागच बदलायचा.

बसवताना

सोडवलेल्या भोकातून टॅप फिरवून गंज काढायचा, हवेने फुंकायचं आणि बोल्ट नवा, त्याच दर्जाचा घ्यायचा. सायलेन्सरच्या जोडाला तांब्याचं किंवा निकेलचं ॲन्टी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावलं तर पुढच्या वेळी एवढी यातायात होत नाही. मात्र इथेही घर्षणाचा हिशोब विसरायचा नाही. कंपनीने दिलेला पिळाचा आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलं की घर्षण घटतं आणि तोच पीळ बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. म्हणून ॲन्टी-सीझ लावलेल्या बोल्टचा पीळ थोडा उतरवायचा. चाकाचे नट मात्र कोरडेच बसवायचे, आणि हवेच्या गनने नुसते टेकवून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने करायचं.

काहीही बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरका लागलाय किंवा भोकात घाण आहे. तेव्हा पाना न लावता बोल्ट बाहेर काढायचा, कारण तिरक्या बोल्टवर जोर लावला की उद्याचा अडलेला बोल्ट आजच तयार होतो.